जिन्याआधी भगदाड

४ जानेवारी २००४, सेनगाव

जनावरांच्या औषधांच्या कंपनीनं यंदाही डायरी पाठवली. मी दवाखान्यातून रिटायर झालो हे त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हसरी गाय छापली आहे. सगळ्या नोकरीत मी एकही हसणारी गाय पाहिली नाही, पण फुकटच्या डायरीत खोट कशाला काढायची! दवाखान्यात रोज रजिस्टर लिहायचो: कुणाचा बैल, काय झालं, काय दिलं. आता बैल नाहीत, तर घरच्यांचं लिहीन.

माझा हुद्दा व्रणोपचारक, म्हणजे जखमा धुणं आणि पट्ट्या बांधणं. गावात मात्र सगळे डाक्टर म्हणतात आणि मी कुणाची समजूत मोडत नाही.

आज हनुमानच्या हॉटेलात चहा घेत होतो. त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "डाक्टर, परमेश्वर वेगळा निघाला म्हणं?"

"कोण म्हणतं?"

"म्हणायला कशाला पायजे? जिना बाहेरून हाय न. दिसून राहिलं."

चहा कडू लागला. गेल्या साली मुलाचं, म्हणजे परमेश्वरचं लग्न ठरलं तेव्हा वर दोन खोल्या काढल्या आणि बैठकीची जागा जाऊ नये म्हणून जिना बाहेर बोळातून घेतला. आमच्या भागात बाहेरचा जिना म्हणजे अर्धी वाटणी. वरचा माणूस बोळातून येतो, बोळातून जातो, खालच्याला पत्ता नाही. माझ्या वडिलांच्या मेंढरांच्या वाडग्याला एकच दार असायचं. ते का, हे मला आज कळलं.

वर चूल अजून पेटलेली नाही. जेवण खालीच होतं. पण सुनेच्या माहेरहून आलेली गॅसची शेगडी वर खोक्यात पडून आहे आणि परमेश्वरनं गॅसला नंबर लावला आहे. सिलिंडर आला की तो कोणत्या जिन्यानं जाईल हे सांगायला जोशी नको.

९ जानेवारी

ठरलं. जिना घरातून काढायचा.

परमेश्वर औंढ्याच्या शाळेवर मास्तर आहे. सकाळी जीपनं जातो, संध्याकाळी मरगळून येतो. तो म्हणाला, "आबा, जिना हाय की. अजून कशाला?" माझी बायको पंचफुला म्हणाली, "रिटायर माणसाला काय तरी पायजेच. शेजारणीच्या नवऱ्यानं विहीर खांदली, ह्यांनी जिना."

सून रागिणी काय म्हणाली ते कळायला मार्ग नाही. आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नाही, बसत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. ही हिंगोलीची, बीए झालेली, शेळ्यांना वाघाला भ्यावं तशी भिणारी. पण वळण पक्कं. लग्नाला वर्ष होत आलं, तिचा आवाज मी फक्त बोळातून ऐकतो, भाजीवाल्याशी भांडताना. चांगला खणखणीत आहे.

१७ जानेवारी

मिस्त्री बघण्यात आठवडा गेला. पहिला म्हणाला, लोखंडी गोल जिना बसवू, जागा वाचते. पंचफुलानं हातानं गोल करून बघितला आणि म्हणाली, "ह्याच्यातून मी वर गेले तर वरच राहीन." दुसऱ्यानं बैठक बघून मान हलवली, चहा प्याला, परत मान हलवली आणि गेला.

तिसरा किसनसिंग. तांड्यावरचा, नामांकित. मोटारसायकल आहे, मोबाईल आहे. मोबाईलला रेंज फक्त उंचावर मिळते, म्हणून तो कायम कुणाच्या तरी अर्धवट बांधकामावर चढून बोलत असतो. आज आला, बैठकीत मधोमध उभा राहिला आणि एक डोळा मिटला.

"ह्या कोपऱ्यातून काढू."

पंचफुला म्हणाली, "तिथं देव हाय. देवाच्या डोक्यावरून सून पाय देत जाईल व्हय?"

"मंग खिडकीकडून."

"उजेड जाईल. मी तांदूळ कुठं निवडू?"

"मंग ती कणगी सरकवा."

"कणगी सासूबाईच्या हातची हाय. ती सरकायची न्हाई."

शेवटी उरली माझ्या बाजेची जागा. त्यावर कुणी काही बोललं नाही. एवढ्या घरात हलवण्याजोगा मी एकटाच निघालो.

२ फेब्रुवारी

आज मुहूर्तावर स्लॅब फोडला. नारळ वाढवला, छन्नी लावली, आणि दुपारपर्यंत माझ्या डोक्यावर माणूस सहज उतरेल एवढं भगदाड. गज कापून झाले. देवापासून कणगीपर्यंत सगळं घर पांढरं झालं. पंचफुला किसनसिंगला जे बोलली ते हसऱ्या गायीसमोर लिहिण्यासारखं नाही.

किसनसिंग म्हणाला, "डाक्टर, सेंट्रिंगच्या फळ्या घेऊन आलोच." आणि गाडीला किक मारली.

माझी बाज पलीकडच्या भिंतीला गेली. खुर्ची मात्र भगदाडाखालीच ठेवली. वरून उजेड चांगला येतो.

५ फेब्रुवारी

फळ्या नाहीत, किसनसिंग नाही. मान हलवणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो, म्हटलं तू कर पुरं. तो कानाला हात लावून म्हणाला, "न्हाई हो डाक्टर. दुसऱ्याचं भगदाड हाय. आज आमी त्याच्या भगदाडाला हात लावला, तर उद्या आमच्या भगदाडाला कोणी बी हात लावंल."

म्हणजे हा धंदाच असा आहे! आधी फोडून ठेवायचं, म्हणजे गिऱ्हाईक कुठं जात नाही. गावात किसनसिंगची अशी फोडून ठेवलेली अजून घरं आहेत म्हणे. हनुमान म्हणाला, "पहिले जिना बाहेर होता, आता तर आभाळच घरात घेतलं डाक्टरनं."

६ फेब्रुवारी

आज एक गोष्ट घडली. सकाळी खुर्चीत चहा घेत होतो. वरून आवाज आला, "मामा, जरा सरका."

मी इतका दचकलो की चहा धोतरावर. घरात आम्ही दोघंच. पंचफुला गोठ्यात होती.

"वर झाडून राहिले. कचरा खाली येईल म्हणून म्हणलं."

मी सरकलो. कचरा आला. मी म्हणालो, "आला." वरून "बरं" असं आलं. दिसलं काहीच नाही, फक्त बांगड्या वाजल्या. ती कडेपासून लांब उभी होती. पदर होता की नव्हता देव जाणे. मला दिसत नव्हता, म्हणजे नियम मोडला नाही.

सुनेचा हा माझ्याशी पहिला शब्द. कचऱ्याविषयी का असेना.

११ फेब्रुवारी

आता दोरीला टोपली बांधली आहे. भाकरी खालून वर जाते, रिकामं ताट वरून खाली येतं, मिरच्या दोन्हीकडून हिंडतात. बोळातून फिरून जाण्याची तकलीफ वाचली. पंचफुला आणि रागिणी दिवसभर भगदाडातून बोलत असतात. या दोघींना एकमेकींशी एवढं बोलायचं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

पेपर आला की रागिणी वर ओढून घेते आणि मोठ्यानं वाचते. माझा चष्मा तुटलाय. मी खालून विचारतो, ती वरून सांगते. सोयाबीनचा भाव वाचून झाल्यावर आज तिनं आपणहून विचारलं, "मामा, शेळ्या माणसाच्या अंगावर काहून येतात?"

म्हटलं, "येत न्हाईत. तू पळतीस म्हणून मागं येतात. उभी राहा, कान धर, गरीब होते."

वर पेपराची घडी वाजली. मग म्हणाली, "कान धरायला जवळ जावं लागतं न मामा."

हे मात्र खरं आहे.

१८ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवास. टोपलीतून भगर आणि आमटी वर गेली. किसनसिंग औंढ्याच्या जत्रेला गेला असं कळलं. जाऊ दे, आज देवाचा दिवस आहे.

दुपारी रागिणीला नरसीच्या म्हशीची गोष्ट सांगितली. रेडकू आडवं आलं होतं, डॉक्टर साहेब सुट्टीवर, आणि मालक मला पाया पडून म्हणाला तुमीच डाक्टर. रेडकू काढलं, पण म्हशीनं मला शेणाच्या उकिरड्यात बसवलं ते सांगितल्यावर वर ती हसली. हसणं थांबेना. पंचफुला आतून म्हणाली, "ती गोष्ट मला कवा सांगितली न्हाई!" तिनं कधी विचारलीच नव्हती.

रिटायर झाल्यापासून मला करमत नव्हतं. ओट्यावर बसून येणाराजाणारा बघायचो. आता सकाळी उठल्यावर काय सांगायचं ते आठवत बसतो.

२७ फेब्रुवारी

किसनसिंगला एका घराच्या अर्ध्या स्लॅबवर गाठलं. मोबाईलवर बोलत होता. खाली उतरायला लावलं आणि विचारलं, "फळ्या कुठं हायेत?"

तो म्हणाला, "डाक्टर, मी तर कवाचा तयार हाय. तुमच्या घरूनच निरोप येतो न, आज नगं, पाहुणे हायेत. उद्या नगं, देवाचं हाय."

आमच्याकडे महिनाभर पाहुणा फिरकला नाही! खोटं बोलायचं तर निदान स्वतःच्या घरचं बोलावं, माझ्या घरचं कशाला?

त्याच्या गाडीच्या सीटवर घोंगडं टाकलं होतं. काळं, लाल काठाचं, हुबेहूब आमच्या नव्या घोंगड्यासारखं. घरी येऊन बघतो तर आमचं जागेवर नाही. पंचफुला म्हणाली, वाळत घातलंय. एकाच माणसानं विणलेली असावीत दोन्ही. घोंगडी विणणाऱ्या आमच्या सोयऱ्यांचा हात मला ओळखू येतो.

तिला किसनसिंगची लबाडी सांगितली. ती भांडी घासत म्हणाली, "येईल तवा येईल. घाई काय हाय?" धुरळ्याच्या दिवशी हीच बाई त्याला काय काय बोलली होती! वरून रागिणीच्या खोकल्याचा आवाज आला. धुरळा अजून आहे.

८ मार्च

परमेश्वर चिडला आहे. म्हणतो, "आबा, तुमचं घोरणं सरळ वर येतं. आमचं बोलणं खाली जातं. हे घर हाय का पोस्टाची पेटी?" त्यानं भगदाडावर प्लायवूड टाकलं. तो शाळेत गेला की प्लायवूड सरकतं.

१९ मार्च

गॅसचा नंबर लागला. परमेश्वर कागद नाचवत आला. म्हणाला, "टोपलीतून जेवणं बंद करू. लोक हसून राहिले. वरच शेगडी लावू, सिलिंडर पुढच्या महिन्यात मिळतो."

 पंचफुला कणगीला टेकून बसली.

मला भीती वाटली. चांगलीच वाटली. शेगडी एकदा वर पेटली की जेवण वर, मग धान्य वर, मग शेळ्यासुद्धा मोजून वाटायच्या. लोक बोललेलं खरं होईल. जिना आधी व्हायला पाहिजे. आतला जिना झाला की कोण कशाला वर शेगडी लावेल?

२१ मार्च, पाडवा

गुढी उभारली आणि तडक तांड्यावर गेलो. किसनसिंग पुरणपोळी खायला बसला होता. त्याचं जेवण होईपर्यंत त्याच्या गाडीच्या सीटवर बसून राहिलो, त्या घोंगड्यावरच. जेवण झाल्यावर म्हटलं, "आता चल. न्हाई तर मी हितून उतरत न्हाई."

मागं बसूनच त्याला घरी आणला. पंचफुला दारात. "आज सणाला काहून आणलं?" म्हणून माझ्यावरच खेकसली. किसनसिंग एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "वहिनी, आता माझा इलाज न्हाई. डाक्टर सीटवरून उतरंना."

याला आमच्या घरात कुणाचा धाक आहे ते तरी कळलं पाहिजे.

१२ एप्रिल

जिना ओतला. फळ्या निघाल्या. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारतो. पायऱ्या थोड्या उंच झाल्यात. किसनसिंग म्हणतो मोजमाप बराबर आहे, पाय आखूड आहेत. आमच्या काळ्या शेळीला मात्र फार आवडला. पाणी मारायला गेलो की ती आधीच अर्ध्यावर उभी असते.

काम होईपर्यंत रागिणी हिंगोलीला माहेरी गेली आहे. पेपर तसाच पडतो. चष्मा दुरुस्त करून आणला, पण वाचायला मजा येत नाही.

२० एप्रिल

रागिणी आली. आज जिन्याचं उद्घाटन. नारळ वाढवला, पेढे वाटले, हनुमानला मुद्दाम बोलावलं. "बघ, घर एक हाय." तो जिन्यावर चढून-उतरून म्हणाला, "व्हय की डाक्टर. आता सून तुमच्या समोरूनच येणार-जाणार."

ती आलीच. पहिल्यांदा आतून उतरली. नाकापर्यंत पदर, भिंतीला चिकटून, खाली मान. चहा ठेवला आणि गेली.

म्हटलं, "पेपर वाचतीस का?" पदर डावीउजवीकडे हलला.

पंचफुला म्हणाली, "झालं समाधान?" तिच्या बोलण्यात राग होता. जिना एवढा झकास झाला, आता कशाचा राग?

२४ एप्रिल

रागिणी बोलत नाही. चार वेळा उतरते, चार वेळा चढते, पैंजणाचा तेवढा आवाज. माझा अंदाज, सिमेंटच्या धुरळ्यानं घसा धरला असावा. गूळ, हळद, मिरी यांचा गोळा करून पंचफुलाच्या हाती दिला. म्हटलं, शेळीला देतो त्याच्या निम्मा दे.

पंचफुलानं कपाळावर हात मारला. म्हणाली, "साऱ्या गावाच्या जनावराचं कळतं तुमाला." गोळा मात्र दिला.

परमेश्वर म्हणाला, सिलिंडर सोमवारी येतो. वरच्या खोलीत ओटा करायचा म्हणून त्यानं किसनसिंगला निरोपही धाडला. जिना करून मी काय मिळवलं? आधी ती बोळातून जायची पण घरात होती. आता समोरून जाते आणि कुठंच नाही. घर असं मुकं झालं की मला जेवण जात नाही.

२५ एप्रिल

सकाळी कॅलेंडरला खिळा ठोकत होतो. भिंतीकडे तोंड, जिन्याकडे पाठ.

मागून आवाज आला, "मामा, खिळा वाकडा चालला."

हातोडा अंगठ्यावर बसला. मी ओरडलो नाही आणि वळलोही नाही. कसं कोण जाणे, वळायचं नाही एवढं त्या क्षणाला कळलं. म्हटलं, "डावीकडं का उजवीकडं?"

"उजवीकडं. आन् मामा, तो गूळ लई तिखट होता."

"मिरी जास्त पडली."

"आत्याबाई म्हणल्या, तो शेळीचा हाय."

मग बोललो. पेपरमधलं, शेळीचं, तिच्या माहेरचं. खिळा केव्हाच बसला होता, मी उगीच हळूहळू ठोकत राहिलो. भिंतीचा बराच गिलावा गेला. पंचफुला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली. आत जाऊन तिनं नाक शिंकरलं.

दुपारी खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. हनुमान चहाची किटली घ्यायला आला, मला भिंतीशी बोलताना पाहून तसाच परत फिरला. आता गावात मी येडा झालोय. होऊ दे.

२६ एप्रिल, सोमवार

सकाळी मी खुर्चीत, तोंड भिंतीला, समोर वाकडं कॅलेंडर. मागं रागिणी जिन्याच्या खालच्या पायरीवर सूप घेऊन डाळ निवडत होती. परमेश्वर सिलिंडर आणायला गेला होता. ती म्हणाली, "मामा, सिलिंडर आता येईल. मी म्हणून राहिले, ती शेगडी..."

तेवढ्यात खुरं वाजली. काळी शेळी आत घुसून सरळ जिन्यावर! जन्माची सवय, मी "हुर्र" म्हणून उठलो आणि गर्रकन वळलो.

रागिणी समोर. सूप मांडीवर, पदर खांद्यावर, सरळ माझ्याकडे बघतेय. आम्ही दोघंही तसेच राहिलो. लहानपणी मेंढरांत शिकलो होतो, बुजलेल्या जनावरासमोर हलायचं नाही. मी हललो नाही.  वाटलं, संपलं. आता पदर नाकापर्यंत जाणार, ती वर जाणार, शेगडी वर लागणार.

तिचा हात पदराला गेला. थोडा वेळ तिथंच राहिला. मग तो हात परत सुपात आला.

"...ती शेगडी खालीच लावू म्हणते. वर एकटीनं रांधून बोलायचं कुणासंगं?"

"परमेश्वरला?"

"त्यांचं मी बघते. तुमी पहिले शेळीचं बघा."

वर गेलो. तीही मागोमाग आली. शेळीनं शेगडीचं खोकं अर्धं खाल्लं होतं आणि उरलेलं तोंडात होतं. शेगडी मी उचलली. शेळीला कोण धरणार म्हणून मागं पाहिलं, तर रागिणीनं डोळे गच्च मिटून तिचा कान धरला होता. तशीच आम्ही तिघं आतल्या जिन्यानं खाली आलो.